दुकानाच्या पाटीचा फोटो जोडावा

इंटरनेटवर एखादी वस्तू विकायला ठेवणं अगदी सोपं असतं, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांतल्या एकानेही आयुष्यात काही विकलेलं नव्हतं. माझ्या आतेभावाने एकदा जुनी सायकल विकायला काढली होती, पण गिऱ्हाईक दाराशी आल्यावर त्याला त्या सायकलबद्दल एकदम गहिवरून आलं आणि त्याने ती परत आत नेऊन ठेवली. तरीही व्यापार या विषयातला आमच्या घराण्यातला जाणकार तोच.

माझी वस्तू सायकलीपेक्षा सोपी होती. तिला वजन नव्हतं, ती गंजत नव्हती आणि कितीही विकली तरी संपणार नव्हती. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते गेल्यानंतर, त्यांनी कागदांवर काढून ठेवलेल्या मुळाक्षरांवरून मी संगणकासाठी एक फाँट केला. म्हणजे कोणीही आपल्या घरी बसून टाइप करावं आणि अक्षरं बाबांच्या वळणाची उमटावीत. मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते, त्यामुळे एकाच अक्षराकडे तासभर बघत बसणं मला नवीन नाही. काना कुठे संपवायचा आणि वेलांटी किती वाकवायची हे ठरवण्यात कित्येक महिने गेले. ते महिने बरे गेले. फाँट पुरा झाला त्या दिवशी मात्र आता उद्यापासून काय, असा प्रश्न मला पडला.

आईला पडला नव्हता. बाबांच्या हातची शेवटची पाटी चौकातल्या औषधांच्या दुकानावर होती. ते गेले त्याच महिन्यात ती उतरली आणि तिथे फ्लेक्स लागला. त्यानंतर आईने त्या बाजूला फिरायला जाणं सोडलं, आणि मग हळूहळू सगळ्याच बाजूंना. तिचं म्हणणं एवढंच होतं की त्यांची अक्षरं घराबाहेर कुठेतरी लागायला हवीत, लोकांनी येता-जाता वाचायला हवीत, आणि ती फुकट द्यायची नाहीत.

फुकट न देण्यामागे इतिहास होता. बाबांनी आयुष्यात एकच पाटी फुकट करून दिली, आईच्या एका मावसभावाला. पुढे आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा ती कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून बसवलेली होती, अक्षरं आतल्या बाजूला. बाबा बराच वेळ खुराड्यासमोर उभे राहिले आणि निदान कोणीतरी वाचतंय, एवढंच म्हणाले. आई अजून त्या मावसभावाचा फोन उचलत नाही.

म्हणून मी ऑनलाइन पैसे घेण्याची सोय शोधायला लागले. ही सोय करून देणाऱ्या कंपन्यांची काही कमतरता नाही, आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत एक हसरी बाई लॅपटॉपसमोर चहा पिताना दिसते. मी एकेका कंपनीची माहिती काढून आईला सांगायची आणि आई ती स्थळं बघितल्यासारखी ऐकायची. पहिली कंपनी नावाजलेली, पण विक्री होवो न होवो, दर महिन्याचं भाडं ठरलेलं. आईने बडं घर आहे, आपल्याला झेपणार नाही, असं म्हणून ते मोडलं. दुसरी भाडं मागत नव्हती, पण प्रत्येक विक्रीतून एक ठरावीक रक्कम कापून घ्यायची. मोटारी विकणाऱ्याला ती जाणवलीही नसती. माझ्या फाँटची किंमत पाहता ‘क’पासून ‘न’पर्यंतची सगळी अक्षरं त्या कंपनीची होणार होती आणि आमच्या वाट्याला पुढची उरणार होती. तिसरी फुकट होती, पण माझ्या दुकानाच्या पानाखाली तिची जाहिरात लावणार होती. जाहिरातीतलं अक्षर पाहून आईने चष्मा काढून ठेवला.

समोरच्या घरात राहणाऱ्या काकू नोकरीभर बँकेत होत्या आणि अजूनही सगळे त्यांना बँकेतल्या काकूच म्हणतात. त्यांचा सल्ला मी मागितला नव्हता, पण आमची दारं समोरासमोर आहेत. त्यांचं मत होतं की पैसा हा एका माणसाने दुसऱ्या माणसाला काचेखालून द्यायचा असतो. बाकी सगळी फसवणूक. आपला कार्ड नंबर त्या कोणालाच सांगत नाहीत. मला वाटतं बँकेलाही त्यांनी तो नाइलाजाने सांगितला असावा.

शेवटी एक छोटी, फारशी कोणाला माहीत नसलेली कंपनी मिळाली. भाडं नाही, कपात थोडी, जाहिरात नाही. हसरी बाईसुद्धा नव्हती. मी नाव नोंदवलं. दुकानाचं नाव काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा फार विचार न करता ‘बाबांची अक्षरं’ असं टाइप केलं. माझ्या संगणकावर तोच फाँट लावलेला असल्यामुळे पडद्यावर ते बाबांच्याच वळणात उमटलं आणि मी थोडा वेळ उठून बाल्कनीत जाऊन आले.

यानंतर आतेभावाने सूत्रं हातात घेतली. दुकान उघडल्यावर पहिल्या दिवशी गर्दी दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक आत पाऊल टाकत नाही, हा त्याचा सिद्धान्त. त्यासाठी त्याने रविवारी दुपारी सगळ्या नातेवाइकांना आमच्या घरी गोळा केलं. आत्या आली, मावशी आली, मावशीची जाऊसुद्धा आली. प्रत्येकाने एकेक फाँट विकत घ्यायचा असं ठरलं होतं. पण आत्याचा फोन जुना, मावशीला पासवर्ड आठवेना आणि जाऊबाईंना फाँट म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं. त्यांना वाटलं की वर्गणी आहे. मग वेळ वाचवायला आतेभावाने सगळ्यांची खरेदी आपल्याच फोनवरून, आपल्याच कार्डावरून उरकली. प्रत्येक खरेदीला टाळ्या वाजल्या. आई सगळ्यांना चहा देत होती आणि बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःसाठीही एक कप ओतला.

टाळ्या थांबायच्या आत कंपनीचं पत्र आलं. एकच माणूस एकच वस्तू एकाच कार्डावरून पुन्हा पुन्हा विकत घेत असल्याचं त्यांच्या यंत्रणेच्या लक्षात आलं होतं, आणि असं सहसा चोरीच्या कार्डाच्या बाबतीत घडत असल्यामुळे दुकान पुढील खुलाशापर्यंत बंद करण्यात आलं होतं. आतेभावाने ते दोनदा वाचलं. आयुष्यात कोणी त्याला संशयास्पद म्हटलेलं नव्हतं. उलट कोणी त्याच्याकडे फारसं लक्षच देत नाही, अशी त्याची तक्रार असते. तो थोडा दुखावला आणि थोडा सुखावलाही. मात्र आपला फाँट मिळाला नाही म्हणून जाऊबाईंनी वर्गणी परत मागितली, जी त्यांनी दिलेलीच नव्हती.

आता पत्रव्यवहार सुरू झाला. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाने कोणालाही पत्र लिहू नये; आपण स्वल्पविरामासाठी जीव टाकतो आणि समोरचा यंत्र असतो. कंपनीच्या यंत्रमदतनिसाने मला प्रथम कुरिअरची पावती मागितली. मी लिहिलं की माल कुरिअरने जात नाही, तो संगणकातून संगणकात जातो. त्याने सहानुभूती व्यक्त करून विचारलं की पार्सल वाटेत फुटलं आहे का. मी लिहिलं की ते फुटूच शकत नाही. त्यावर त्याने अभिनंदन केलं आणि कुरिअरची पावती मागितली.

बऱ्याच प्रयत्नांनंतर एक खरा माणूस मिळाला. तो खरा आहे हे मी त्याच्या चिडचिडीवरून ओळखलं. त्याने एका ओळीत कळवलं की दुकानाच्या पाटीचा फोटो जोडावा, आणि पाटीवर दुकानाचं नोंदवलेलं नाव स्पष्ट दिसावं. मी कळवलं की दुकान इंटरनेटवर आहे, त्याला भिंत नाही, तेव्हा पाटीही नाही. उत्तर आलं की दुकान नसल्यास, ते नसलेलं दुकान जिथून चालवलं जातं त्या जागेच्या पाटीचा फोटो जोडावा.

अख्खं आयुष्य बाबांनी दुसऱ्यांची नावं रंगवली. आमच्या दारावर त्यांनी कधी काही लिहिलं नाही. पोस्टमनला घर माहीत आहे, असं म्हणायचे.

आतेभाव म्हणाला की यात काय आहे, फ्लेक्स करून आणू, चहा गार व्हायच्या आत होईल. मी त्याच्याबरोबर फ्लेक्सवाल्याकडे गेले, हे मान्य करायला हवं. तो चांगला माणूस निघाला. बाबांना ओळखत होता, त्यांच्याबद्दल हळहळला, आणि आदरापोटी मागे गुलाबांचा ताटवा आणि कोपऱ्यात उगवता सूर्य विनाशुल्क टाकून देतो म्हणाला. मी नमुन्याचा कागद घेऊन घरी आले आणि आईसमोर धरला. आईने तो पालथा घालून ठेवला. आमच्या घरात नकाराचं हे सगळ्यात वरचं रूप आहे. थोड्या वेळाने कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “या घराला फ्लेक्स लागणार असेल तर मी मावशीकडे राहायला जाते.”

मावशी झोपेत इतकी घोरते की तिचा कुत्राही शेजाऱ्यांकडे झोपतो. म्हणजे आई किती गंभीर होती हे लक्षात यावं.

तेव्हा पाटी हातानेच रंगवायची असं ठरलं. बाल्कनीतल्या कपाटात बाबांचे ब्रश तेलात होते, एक कोरा पत्रा होता आणि रंगाच्या डब्यांपैकी काळा अजून जिवंत होता. मी ‘बाबांची अक्षरं’ हे शब्द फाँटमधून मोठे करून कागदांवर छापले, कागद एकमेकांना चिकटवले, खाली कार्बन घातला आणि कडा पत्र्यावर उतरवल्या. आत रंग आम्ही दोघींनी भरला. मी ‘अक्षरं’कडून आणि आई ‘बाबां’कडून. मधे ‘ची’पाशी आमची कोपरं एकमेकांना लागली. दोघींनी ती जपून मागे घेतली; रंग ओला होता.

आमचं घर तळमजल्यावर आहे. पाटी रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांना बांधली, वाळत घातलेल्या चादरी बाजूला करून आतेभावाने फोटो काढला आणि मी तो पाठवला. उत्तर आलं की पाटीवरील अक्षरं संगणकावर तयार करून फोटोत चिकटवलेली दिसतात, तरी कृपया खऱ्या पाटीचा फोटो पाठवावा.

अपमान झाला की कौतुक, हे मला बराच वेळ ठरवता येईना. आतेभावाच्या सूचनेवरून आईला पाटीशेजारी हातात ब्रश देऊन उभं केलं आणि दुसरा फोटो पाठवला. आईला फोटोत हसायला आवडत नाही. कंपनीने कळवलं की पाटी आणि पाटीजवळील व्यक्ती या दोन निरनिराळ्या फोटोंमधून घेऊन जोडल्यासारख्या वाटतात.

“म्हणजे मीसुद्धा खरी नाही?” आईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने आत जाऊन आरशात एकदा पाहिलं आणि परत आली.

या दिवसांत पाटी खिडकीला होतीच, आणि रस्त्यावरची माणसं वाचत होती. एक गृहस्थ मुलीचं अक्षर सुधारून मिळेल का, विचारून गेले. एका बाईंना अर्ज लिहून हवा होता. तो मी लिहून दिला, कारण त्यांनी आणलेल्या कच्च्या अर्जात चुका फार होत्या. तिसरा माणूस आला तो आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. राहत्या घराला व्यापारी पाटी लावणं नियमात बसत नाही, असं त्याने अतिशय सभ्यपणे सांगितलं आणि तेच लेखी आणून देतो म्हणून गेला.

म्हणजे पाटी उतरायच्या आत तिचा खरा वाटेल असा फोटो निघायला हवा होता. नाहीतर दुकान बंद, आणि बाबांची अक्षरं पुन्हा कपाटात. मी खिडकीसमोर रस्त्यावर उभी राहून पाटीत काय खोटं दिसतंय ते शोधत होते. आई बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. तिने फारच थोडा वेळ पाहिलं.

“दोन्ही ‘ब’ सारखे आहेत,” ती म्हणाली.

मी म्हटलं, सारखेच असणार, एकाच फाँटमधले आहेत.

“त्यांचे नसायचे. दुसरा जरा सैल बसायचा. पहिल्या अक्षराला घाबरलेले असायचे ना.”

बाबा शिडीवर उभे राहून दुमजली पाट्या रंगवायचे. वाऱ्यात, खाली रहदारी चालू असताना, तोंडात दुसरा ब्रश धरून. ते कशाला घाबरत असतील हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी विचारलं, पहिल्या पाटीला घाबरले असतील, पण नंतर?

“प्रत्येक पाटीला,” आई म्हणाली. “आदल्या दिवशी जेवण जायचं नाही. तुला सांगायचं नाही म्हणायचे, तू शाळेत मोठेपणा सांगायचीस त्यांचा.”

मग तिने टर्पेंटाइनचं फडकं आणलं, दुसरा ‘ब’ पुसून टाकला आणि कागद नाही, कार्बन नाही, तसाच हाताने काढला. तो बाबांसारखा आला नाही. बराचसा तिच्याच सहीतल्यासारखा आला, आणि थोडा पहिल्या ‘ब’कडे कलला. मी फोटो काढून पाठवला. कंपनीचं उत्तर आलं, पडताळणी पूर्ण, दुकान सुरू. दिलगिरी वगैरे काही नाही. आतेभावाच्या सगळ्या खरेद्या मात्र त्यांनी रद्द करून टाकल्या, म्हणजे दुकान उघडं होतं आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं.

सेक्रेटरी सांगितल्याप्रमाणे लेखी घेऊन आला. या माणसाचा सूचनांवर फार विश्वास. पाणी, कचरा, जिना, चपला, प्रत्येक विषयावर तो सूचना काढतो, सगळी अक्षरं ठळक करतो, खाली दोन रेघा ओढतो आणि फाटकाजवळच्या फलकावर लावतो. त्या कोणी वाचत नाही, हे त्याचं दुःख सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे, कारण त्यावरही त्याने एकदा सूचना काढली होती. आईने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि त्याच्या हातातला कागद घेऊन माझ्याकडे दिला. म्हणाली, हाच मजकूर तुझ्या बाबांच्या अक्षरात काढून दाखव यांना.

मी काढला. ‘राहत्या घरास व्यापारी पाटी लावता येणार नाही.’ आमच्या विरुद्धचा इतका देखणा मजकूर मी कधी पाहिला नव्हता. सेक्रेटरीने तो दूर धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. मग रेघा ओढायला त्याने खिशातून पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. हे विकत मिळतं का, असं त्याने हळूच विचारलं. मी किंमत सांगितली. त्याने कमी होईल का विचारलं आणि आईने आणखी पाणी हवं का विचारलं.

मग समितीची बैठक झाली, ठराव झाला, आणि पैसे देण्याची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की बिल्डिंगच्या खजिनदार बँकेतल्या काकू आहेत. मी रोख घ्यायला तयार होते. काकूच म्हणाल्या की ठरावात ऑनलाइन असं लिहिलंय, मग ऑनलाइनच. बिल्डिंगच्या कार्डाचा नंबर टाकताना कोणी पाहू नये म्हणून त्यांनी पडद्यावर वर्तमानपत्र धरलं, त्यामुळे त्यांना स्वतःलाही दिसेना आणि नंबर चुकला. तो बरोबर पडला तेव्हा ओटीपी सेक्रेटरीच्या फोनवर गेला. तो वरच्या मजल्यावर होता. त्याने जिन्यातून आकडे मोठ्याने वाचून दाखवले, काकूंनी त्याला गुप्ततेवर सुनावलं, मग तो खाली उतरून त्यांच्या कानात सांगून गेला. पैसे आले. अगदी थोडे कापून आले. कंपनीने शब्द पाळला, हे तिच्याविषयी इतकं बोलल्यावर सांगायला हवं.

नियम नियमाच्या जागी राहिला. पाटी आईने स्वतःच खिडकीवरून सोडली आणि आत घेतली. मला वाटलं होतं ती थोडी थांबेल. ती म्हणाली, गजांना गंज चढेल, जुनी सुतळी काढून टाक.

फलकावर बाबांच्या अक्षरातली पहिली सूचना दुसऱ्या दिवशी लागली. टाकी धुवायची असल्यामुळे उद्या दिवसभर पाणी येणार नाही. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिच्यासमोर थांबत होतं, आणि लोकांनी आपली सूचना खरोखरच वाचली की काय होतं याचा अनुभव सेक्रेटरी प्रथमच घेत होता. त्याला चौफेर बोलणी बसत होती. मी फाटकाशी पोहोचले तेव्हा तिथे आई उभी होती. घरातून ती कधी निघाली मला कळलं नव्हतं. तिच्याशेजारी बँकेतल्या काकू रिकामी बादली घेऊन वैतागलेल्या. दिवसभर नाही म्हणजे काय, माणसांनी करायचं तरी काय, ठराव न करता टाकी धुतातच कशी, असं त्यांचं चाललं होतं.

“ते ‘नाही’ बघा तरी,” आई म्हणाली. “काय बसलंय.”

काकू थांबल्या. बादली खाली ठेवून, चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन त्यांनी पाहिलं.

“‘ह’ त्यांचाच आहे हा,” त्या म्हणाल्या.

“त्यांचाच.”

दोघी तिथेच उभ्या राहून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या, सावकाश, बोट न लावता. मी काकूंची बादली उचलली आणि नळाला पाणी होतं तोवर दोन्ही घरांतली मिळतील ती भांडी भरून ठेवली.